परस आणि वाव

हिंगोलीला उतरल्यावर सासऱ्यांनी तोंड वर करून
आधी वारा हुंगला,
मग प्लॅटफॉर्मवरच विचारलं,
"हयसर कडा खय आसा, गुरुजी?"
कडा नाही, म्हणालो.
परभणी, नांदेड, वाशिम, यवतमाळ,
चहूकडून जिल्हेच आहेत.

बारा वर्षं मी त्यांच्या तालुक्यात मास्तर होतो.
पहिल्याच रविवारी लवू कोयंड्यांनी मला होडीत घातलं,
किल्ला पाण्याकडूनच बघायचा असतो म्हणून.
अर्ध्या वाटेत मी ओकलो.
"मासे जेवले," ते म्हणाले, आणि वल्हं मारत राहिले.
त्याच उन्हाळ्यात मुलगी दिली.
ओकणाऱ्याला कशी दिली, हे अजून विचारलेलं नाही.

मग आंतरजिल्हा बदली.
दोन पोरं, एक कपाट,
आणि कपाटात मुरलेला सुक्या बांगड्याचा वास
ट्रकमधून इथवर आला.
आता चार वर्षांनी ते बघायला आलेत
वैजू कुठल्या पाण्यावर राहते.

काय दाखवू?
औंढ्याला नेलं. दगडी हत्तींच्या रांगेवरून
हात फिरवत ते पूर्ण फेरा चालले,
"चिऱ्यापेक्षा घट," एवढंच बोलले.
वसमतला हळदीच्या लिलावात उभे केले,
तर तासाभरात टोपी पिवळी, भुवया पिवळ्या.
"ह्या वयात माका हळद लावलास!"
हमाल पोती टेकवून हसले.

शेतात मे महिना होता.
काळ्या रानातल्या भेगेत त्यांनी हात घातला,
कोपरापर्यंत गेला, तळ लागला नाही.
विहीर किती खोल, त्यांनी काकाला विचारलं.
"सात परस. पानी पार तळाला गेलंय."
परस म्हणजे?
काका बांधावर ताठ उभा राहिला, दोन्ही हात वर:
"ह्यो असा. एक मानूस."
सासऱ्यांनी मान हलवली
आणि आपले दोन्ही हात बाजूंना पसरले, बोटांच्या टोकांपर्यंत:
"आमचो वाव."
एक उभा, एक आडवा,
बराच वेळ दोघं तसेच,
जणू कोणी मोजून घेणार होतं.
वरून एक टिटवी ओरडत गेली.

संध्याकाळी इसापूरच्या धरणावर
धुरकटात पलीकडचा काठ दिसत नव्हता.
ते गप्प झाले. चपला काढल्या, पाण्यात उतरले,
ओंजळ तोंडाला लावली.
"गोडा," म्हणाले.
एखाद्याचं वय ऐकून
"लहान आहे अजून" म्हणावं, तसं.

थर्माकोलच्या तराफ्यावरून गेनाजी भोई आला,
जाळं फाटलेलं.
न विचारता हे खाली बसले, सुई मागितली.
याची बोली त्याला कळेना, त्याची याला.
गाठ मात्र तीच निघाली.
अंधार पडेपर्यंत बसले दोघं,
मी विजेरी धरून.
गेनाजीनं रोहू दिला तो वैजूनं तिरफळं घालून केला.
"काटो खूप," म्हणत त्यांनी दोनदा वाढून घेतला.

रात्री जाग आली. शेजारची जागा रिकामी.
गच्चीवर गेलो तर बापलेक
टाकीला टेकून बसलेले,
चंद्र डोक्यावर, खाली झोपलेली एसटी कॉलनी.
काय झालं, विचारलं.
"भरती," सासरे म्हणाले, साधेपणानं,
दूधवाला आला म्हणावं तसे.

वैजू माझ्याकडे न बघता बोटं मोजत होती:
वद्य चतुर्थी,
चार पाऊण तीन.
पाऊणकी मी तिसरीच्या पोरांना शिकवतो.
घड्याळात पाहिलं. तीन.
"रोज उठतेस?"
"रोज नाही," ती म्हणाली,
"उद्या पावणेचारला."